टरफलातली राळ

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात अर्व्हिंग्टन नावाच्या गावी विजेच्या तारांसाठी वार्निश आणि आवरणं बनवणारी एक कंपनी होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मॉर्टिमर हार्वे हा रसायनतज्ज्ञ एका विचित्र तेलाच्या मागे लागला होता. पुढे त्याचं काम या कंपनीशी जोडलं गेलं. तेल काळपट तपकिरी, दाट, आणि कातडीला लागलं तर फोड आणणारं. ते यायचं हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून, काजूगर काढून घेतल्यावर मागे उरलेल्या टरफलांतून. हार्वेच्या लक्षात आलं की फॉर्माल्डिहाइडबरोबर तापवलं की हे तेल आळतं, कडक होतं, आणि मग पाणी, आम्ल, उष्णता, वीज यांतल्या कशालाच सहजी दाद देत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने या एका तेलावर पेटंटामागून पेटंटं घेतली. गर खाण्यासाठी जहाजावर चढत होता, तेव्हाच त्याचं टरफल उद्योगाच्या कामाला लागलं होतं.

वनस्पतींपासून बनवलेली आणि पुन्हा वापरता येणारी एपॉक्सी नावाची चिवट राळ तयार करणं हा आज जगभरच्या प्रयोगशाळांत चाललेला मोठा उद्योग आहे. तो सगळाच्या सगळा नवा मात्र नाही. झाडापासून चिवट राळ बनवण्याचा भाग जुना आहे, आणि त्यातला मोठा तुकडा कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावर घडलेला आहे. नवा आहे तो दुसरा भाग : एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा सोडवणं.

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मगुरूने १५५८च्या सुमारास छापलेल्या प्रवासवर्णनात या झाडाचं चित्र आहे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ते हिंदुस्थानात आलं, पण नेमकं कधी, हे पुस्तकांच्या मौनावरून ताडावं लागतं. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे, काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोवाव द कोस्ताच्या ग्रंथात मात्र कोचीनच्या बागांतला काजू येतो. ओर्तासारख्या चौकस माणसाच्या नजरेतून रोज दिसणारं झाड निसटलं असेल, असं मानणं कठीण आहे. म्हणजे तोवर ते इथे नव्हतं, किंवा असलं तरी कुठे एखाददुसरं असावं.

पुढे जांभ्या कातळाच्या, पाणी न धरणाऱ्या डोंगरउतारांवर हे झाड असं काही रुजलं की ते परकं आहे हेच लोक विसरले. गोव्यात त्याचं खरं मोल बोंडात होतं. बोंडं कातळात खोदलेल्या टाकीत तुडवायची, रस आंबवायचा, भट्टीवर उतरवायचा. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बी मागाहून. तिच्या टरफलाचा विचार तर त्याहूनही मागाहून.

ज्यांनी कोकणात परसात काजू भाजले आहेत त्यांना हे टरफल चांगलं ठाऊक असतं. पत्र्यावर टाकलेल्या बिया तापल्या की टरफलातून तेल फुरफुरत बाहेर पडतं, ठिणगी लागताच भक्कन पेटतं आणि काळाकुट्ट धूर डोळ्यांत जातो. पोरांना लांब उभं करतात ते त्या उडणाऱ्या थेंबांमुळे. थेंब ओठाच्या कडेला लागला तर डाग आणि जळजळ आठवडाभर पुरते. बी उभी चिरून पाहिली तर टरफलाचे दोन कडक पापुद्रे दिसतात आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक पोकळ्यांचा थर. या पोकळ्यांत ते तेल भरलेलं असतं. गराला कीड, बुरशी आणि प्राण्यांच्या दातांपासून वाचवण्याची ही झाडाची तजवीज आहे.

या बाबतीत काजू एकटा नाही. त्याचं सगळं कूळच असं आहे. आंब्याच्या देठाचा चीक कातडीला भाजतो. बिब्ब्याच्या फळातलं काळं तेल त्याहून जहाल. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत बिब्बा औषध म्हणून आहे, आणि धोबी कपड्यांवर खुणा करायला त्याचंच तेल वापरत, कारण ती खूण भट्टीतही जात नसे. तिकडे जपानमध्ये याच कुळातल्या झाडाला चिरा पाडून उरुशी नावाचा चीक काढतात. दमट हवेत तो हळूहळू घट्ट होतो आणि लाकडावर चकचकीत, पाण्याला न जुमानणारा थर धरतो. होक्काइडो बेटावरच्या काकिनोशिमा इथे सापडलेल्या उरुशीच्या वस्तू सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. माणसाने वापरलेल्या सगळ्यात जुन्या चिवट राळींपैकी ही एक.

रसायनशास्त्राने पुढे याचं कारण दाखवलं. काजू, बिब्बा आणि उरुशी या तिघांच्याही तेलातले रेणू एकाच घडणीचे आहेत. एका टोकाला फिनॉलच्या जातीचं कडं, जे इतर पदार्थांशी चटकन जोडलं जातं. आणि त्याला लोंबणारी, बहुधा पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी, जी पाणी दूर ठेवते आणि राळेला लवचिकपणा देते. काजूच्या तेलात हा रेणू मुख्यतः ॲनाकार्डिक आम्लाच्या रूपात असतो. जर्मन रसायनतज्ज्ञ गेओर्ग श्टेडेलर याने १८४७ साली तो वेगळा काढून त्याचं वर्णन केलं. हे आम्ल तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड फेसाळत निघून जातो आणि मागे राहतं कार्डॅनॉल. आजच्या सगळ्या काजू-राळींचा पाया म्हणजे हे कार्डॅनॉल.

प्रयोगशाळेची वाट न पाहता किनाऱ्यावरच्या लोकांनी तेलाचा गुण हेरला होता. हेबर ड्र्युरी याने १८५८ साली हिंदुस्थानातल्या उपयोगी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. त्यात टरफलाचं हे काळं तेल जमिनीला आणि छपराच्या लाकडांना वाळवीपासून वाचवायला लावतात, अशी नोंद आहे. होड्यांना आणि मासेमारीच्या जाळ्यांनाही ते फासलं जाई. लाकूड, पाणी, मीठ आणि कीड यांच्याशी रोज झगडणाऱ्या माणसांनी शोधलेला हा उपयोग पुढच्या शतकातल्या जहाजाच्या रंगापासून फारसा लांब नाही.

व्यापार सुरू झाला तो मात्र गरामुळे. १९२०च्या दशकात कोल्लम आणि मंगळूर इथे काजूप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले आणि काजूगराचे डबे अमेरिकेला जाऊ लागले. सुरुवातीला बिया उघड्या कढयांत भाजत. त्यात तेल जळून जाई, टरफल कोळसा होई, धुराने कामगार गुदमरत. अर्व्हिंग्टनसारख्या ठिकाणांहून तेलाला मागणी आल्यावर हा नाश परवडेना. मग निघाली तेलात तळण्याची पद्धत : टरफलाचंच तेल सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं आणि ओलावा दिलेल्या बिया त्यातून दीडेक मिनिट फिरवायच्या. टरफलाच्या पोकळ्या फुटतात आणि आतलं तेल त्याच कढईत उतरतं. याच उष्णतेने ॲनाकार्डिक आम्लाचं कार्डॅनॉलही होऊन जातं. गर हवा होता म्हणून केलेल्या कामातून रसायनउद्योगाला कच्चा माल आयता तयार मिळू लागला.

वेंगुर्ला, मालवण, कुडाळ, चंदगड, आजरा या भागांतल्या छोट्या कारखान्यांत आज बहुधा बी वाफवतात. वाफवलेली बी दिवसभर सुकवायची, मग पायाने दाबायच्या कातरीवर फोडायची. समोर बसलेली बाई डाव्या हाताने बी पात्यांच्या खाचेत बसवते, पायाने पट्टी दाबते, उजव्या हाताने मूठ फिरवते. टरफल दुभंगतं आणि सुईच्या टोकाने गर अख्खा उचलावा लागतो. तुकडा झाला की भाव पडला. पौंडात ३२० गर बसतील ती डब्ल्यू-३२० प्रत, २१० बसतील ती त्याहून वरची. वाफवण्यात टरफलातलं तेल जळत नाही, म्हणून फोडताना ते बोटांवर येतं. हातांना राख, चुना किंवा एरंडेल चोळून बसायची रीत त्यासाठीच आहे. तरीही वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांची बोटं काळवंडतात, कातडी सोलवटते. हातमोज्याने बोटांचा अदमास जातो, वेग घटतो आणि मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे मोजे असूनही बाजूला पडतात.

कोल्लममध्ये या कामाची वाटणी जातींनुसार झाली होती. स्वीडिश इतिहासकार ॲना लिंडबर्ग यांनी केरळच्या काजू कामगार स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात हे चित्र स्पष्ट दिसतं : तेल हाताला लागणारं फोडण्याचं काम दलित स्त्रियांकडे, साल सोलण्याचं आणि प्रतवारीचं कोरडं काम त्यांच्याहून वरच्या मानलेल्या जातींकडे. काजूच्या तेलाला ‘हरित कच्चा माल’ म्हणताना ते कोणाच्या हातांतून येतं याचा हिशेब मांडलाच पाहिजे. झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, हा समज निदान काजूच्या बाबतीत पुरता खोटा आहे.

हार्वेच्या पेटंटांतून निघालेल्या वस्तूंपैकी सगळ्यात टिकाऊ ठरली ती ब्रेकमधली भुकटी. काजूच्या तेलाची राळ कडक करून दळायची आणि ब्रेकच्या पट्ट्यात मिसळायची. घर्षणाने पट्टा तापतो तेव्हा ही भुकटी उष्णता सोसते, ब्रेक एकसारखा लागतो आणि किंचाळत नाही. गेल्या शतकातल्या असंख्य मोटारी आणि ट्रक अशा पट्ट्यांवर थांबले. अर्व्हिंग्टनची ती कंपनी १९५०च्या दशकात थ्रीएमने घेतली आणि पुढे तिचा काजूतेलाचा विभाग कार्डोलाइट नावाने स्वतंत्र झाला. या कार्डोलाइटचा एक कारखाना आता मंगळुरात आहे. ज्या किनाऱ्यावरून पिंपं गेली, त्याच किनाऱ्यावर शेवटी रसायनही आलं.

एपॉक्सीचा जन्म या सगळ्यापासून दूर झाला. आय. जी. फार्बेनमधल्या पाउल श्लाकने १९३४ साली जर्मनीत त्या दिशेचं पेटंट घेतलं. झुरिकच्या द ट्रे कंपनीत पियेर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी न आकसणारी राळ शोधत होता; त्याला बिस्फिनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्या जोडणीतून ती सापडली. दंतवैद्यांना तिचं फारसं काही वाटलं नाही. बाझेलच्या सिबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४०च्या दशकाच्या मध्याला अराल्डाइट बाजारात आलं. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनलीही रंगांच्या उद्योगासाठी याच राळेपाशी पोचला होता. भारतात अराल्डाइटच्या दोन नळ्या घराघरांत गेल्या. एका नळीतली राळ, दुसरीतला तिला घट्ट करणारा पदार्थ. दोन्ही कार्डाच्या तुकड्यावर सारखे घेऊन काडीने घोटायचे आणि कपाचा तुटलेला कान चिकटवून रात्रभर ठेवून द्यायचा. पण एपॉक्सीचा खरा पसारा घरापलीकडे आहे : जहाजाचे रंग, कारखान्यांतल्या जमिनी, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या हिरव्या पाट्या, विमानाचे भाग, पवनचक्कीची पाती. हे सगळं मुख्यतः खनिज तेलापासून.

एपॉक्सी आणि काजू यांची गाठ पडली ती दुसऱ्या नळीत. कार्डॅनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि अमाइन यांच्या जोडणीतून ‘फिनाल्कमाइन’ नावाचा घट्टक तयार होतो. त्याची खासियत अशी की तो थंडीतही आणि ओलसर पृष्ठभागावरही एपॉक्सीला घट्ट करतो. उत्तर युरोप किंवा कोरियातल्या गोदीत हिवाळ्यात जहाज रंगवायचं तर हाच गुण मोलाचा; जहाजाच्या पोटातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांना आतून लावायच्या रंगांतही तो वापरतात. होड्यांना टरफलाचं तेल फासणाऱ्यांच्या अनुभवातला पाण्याला हटवणारा तो गुण इथेही त्या पंधरा कार्बनच्या शेपटीतूनच येतो. कार्डॅनॉलचं स्वतःचं एपॉक्सीही बनतं, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रकाश वडगावकर यांच्या गटाने कार्डॅनॉलपासून नव्या जातीची बिस्फिनॉलं आणि त्यांच्यापासून अनेक प्रकारची पॉलिमरं घडवली. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. एस. पिल्लै यांनी याच रेणूवर दीर्घ काम केलं. दुसऱ्या बाजूने, एपिक्लोरोहायड्रिनही आता ग्लिसरीनपासून निघतं. सोल्वे कंपनीने थायलंडमधल्या माप ता फुट इथे त्याचा मोठा कारखाना २०१२ साली सुरू केला. वनस्पती तेलापासून बायोडिझेल बनवताना उरणारं ग्लिसरीन त्यासाठी चालतं.

तरी जपून बोललं पाहिजे. फिनाल्कमाइनमधलं अमाइन आणि फॉर्माल्डिहाइड बहुधा खनिज इंधनांतूनच येतात, आणि समोरची राळही अजून बहुतांशी बिस्फिनॉल-एची असते. डब्यावर ‘वनस्पतिजन्य’ छापलं तरी आतला हिस्सा किती, हे विचारायला हवं. शिवाय शेपटीचा लवचिकपणा रंगाला उपकारक असला तरी ताठ भागाला अडचणीचा ठरतो : निव्वळ काजूच्या एपॉक्सीचं पन्नास-साठ मीटरचं पातं करायला गेलं तर ते हवं तितकं ताठ राहणार नाही.

आणि मुख्य अडचण पुढेच आहे. काजूचं असो की खनिज तेलाचं, घट्ट झालेलं एपॉक्सी वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच त्याचं आहे. रेणू एकमेकांना सगळ्या बाजूंनी कायमचे बांधलेले असतात. त्याची ताकदही यातच आहे आणि त्याचा कचराही यातच. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या; पात्यांचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं धरतात. म्हणजे तिथल्या पहिल्या पिढीचे दिवस भरत आले आहेत. काचतंतू आणि राळ यांची अशी पाती अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर इथे तुकडे करून जमिनीत पुरली गेली, आणि त्यांची छायाचित्रं जगभर फिरली.

बांधलेली गाठ सोडवण्याच्या दिशेने पहिलं मोठं पाऊल २०११ साली पॅरिसमध्ये पडलं. लुडविक लेब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीचंच एपॉक्सी घेतलं, पण ते वनस्पती तेलांपासून मिळणाऱ्या मेदाम्लांनी घट्ट केलं आणि त्यात जस्ताचं उत्प्रेरक घातलं. थंड असताना हा पदार्थ कडक. तापवला की त्यातले बंध एकमेकांत जागा बदलतात आणि तो काचेसारखा मऊ होऊन नवा आकार घेतो, तरीही विरघळत नाही. त्याला त्यांनी व्हिट्रिमर म्हटलं. या शोधात पदार्थाचा एक भाग झाडांकडून आला होता. त्यानंतर काजूच्या तेलापासून व्हिट्रिमर बनवण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. पात्यात नको असलेला शेपटीचा मऊपणा इथे कामी येतो, कारण बंधांना जागा बदलायला मोकळीक लागते.

दुसरी वाट रसायनाने गाठ कापण्याची. कॅलिफोर्नियातल्या कॉनोरा कंपनीने ‘रिसायक्लमाइन’ नावाचा घट्टक काढला, आणि तो पुढे आदित्य बिर्ला समूहाकडे आला. त्याच्या रेणूत असा दुवा मुद्दाम ठेवलेला आहे की सौम्य आम्लाच्या गरम द्रावणात तो तुटतो. राळ सुटी होते, तंतू धुऊन निघतात. सीमेन्स गमेसाने याच राळेची ८१ मीटर लांबीची पाती २०२१ साली जाहीर केली आणि २०२२ साली जर्मनीच्या समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात ती बसवली. वनस्पतीपासून राळ बनवणं हा मात्र याचा हेतू नाही. दोन्ही धागे एकत्र आणण्याचा ठळक प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने केला : साखरेसारख्या जैविक कच्च्या मालापासून बनवता येईल अशी राळ, तिचं ९ मीटरचं नमुन्याचं पातं, आणि मिथेनॉलमध्ये तापवून साधारण सहा तासांत तिचं विघटन. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं.

आता सवाल राहतो किनाऱ्याचा. सिंधुदुर्गातल्या अनेक छोट्या कारखान्यांतून टरफल अजून सरळ जळण म्हणून जातं, किंवा तेल काढणाऱ्या घाण्यांना विकलं जातं. कार्डॅनॉल शुद्ध करायला निर्वात ऊर्ध्वपातनाची यंत्रं लागतात आणि ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. मधल्या काळात बियांचा कच्चा माल आफ्रिकेतून येऊ लागला आणि तेलाचा बाजार व्हिएतनामकडे सरकला. रोजगार हमीतून १९९०नंतर कोकणात लागलेल्या काजूच्या बागा मात्र भरात आहेत आणि वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राच्या वाणांनी बीचा आकार वाढवला आहे. बीच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग टरफलाचा आणि सालीचा असतो. त्यातलं तेल जिल्ह्यातच शुद्ध होऊ लागलं, तर बी फोडणाऱ्या हातांना गरापलीकडचाही वाटा मागता येईल.

उलगडणाऱ्या राळेची पारख तर आणखी लांब आहे. दर वादळात वाकणाऱ्या पात्यातले बंध उन्हात, मिठात, थंडीत आपोआप सुटायला लागले तर काय, याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुरतं देऊ शकत नाहीत. कास्कासीची पाती २०४०च्या दशकात उतरवून आम्लाच्या टाकीत घातली जातील, तेव्हाच ते हाती येईल.